दोन किलो सूर्यफुलाची शंभर टक्के तपासणी

९ मार्च, रविवार, संध्याकाळी
आजपासून रोजनिशी. नोंद नाही तर तपासणी नाही, हे मी चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो. मी रेडिएटरच्या लीक टेस्टला होतो. प्रत्येक रेडिएटरमध्ये हवा भरायची, गेजचा काटा बघायचा, पास झालेल्या नगावर हिरवा ठिपका द्यायचा. नमुन्यादाखल दहा-वीस नाही, एकूण एक नग. शंभर टक्के तपासणी. डिसेंबरात कंपनीने मला मुदतीआधी निवृत्त केलं. त्याविषयी इथे लिहिणार नाही. नुकसान त्यांचंच आहे.

आज प्रीतम औशाहून आला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, तळेगावला कंपनीत असतो. सोबत दोन किलो सूर्यफुलाचं बी. अक्काचं हे बी आमच्या आईपासून चालत आलंय, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. दरवर्षी अक्का ते वाळलेल्या भोपळ्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून चुलीच्या वर टांगते. यंदा घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडलं, त्यामुळे चूल नाही आणि टांगायला वासाही नाही. प्रीतमच्या साखरपुड्यात मी चारचौघांत म्हणालो होतो, बी माझ्याकडे द्या, शास्त्रशुद्ध साठवतो आणि जूनमध्ये तपासून देतो.

अक्काचा फोन आला. म्हणाली, ज्योतीराम, सगळं बी तुझ्याकडं दिलंय, माझ्याजवळ एक दाणा ठेवला नाही, हे गेलं की आईचं बी संपलं बघ. मी म्हणालो, अक्का, सव्वीस वर्षं. ती म्हणाली, म्हणूनच सांगायलाव.

१० मार्च
उगवण चाचणी सुरू. शंभर दाणे मोजून ओल्या टॉवेलात ओळीने मांडले, गुंडाळी केली, परातीत उभी केली. दहा दिवसांनी मोजायचं. शंभरात सत्तर उगवले तर बी पास, असं वाचलं. टॉवेल अंजलीचा निघाला. बायकोला आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण ती शाळेत शिकवायला गेली होती आणि चाचणी कुणासाठी थांबत नसते.

१३ मार्च
गुंडाळी मध्येच उघडू नये असं वाचलंय. आज चार वेळा उघडली. तपासनीसाने बघायचं नाही तर काय शेजाऱ्याने बघायचं?

२० मार्च
अडतीस.

शंभरात अडतीस. तीन वेळा मोजले, चष्मा पुसून मोजले. बाकीचे बासष्ट दगडासारखे ढिम्म. याला लॉट म्हणतात? आमच्याकडे असा माल गेटवरून परत गेला असता. दुःख झालं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. भोपळा, राख, पाला. चाळीस वर्षं कुणी तपासलंच नव्हतं.

२२ मार्च
अक्काला आकडा कळवला. तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली, आत्ताच तर काढणी झाली की रं, ते अजून झोपलंय, दीड-दोन महिने कोरडं राहू दे, आपोआप जागं होतंय. बी झोपतं म्हणे. तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आहे का ते? पण थोरल्या बहिणीशी वाद घालू नये. हो म्हणालो आणि फोन ठेवला.

२४ मार्च
निर्णय. मी दिवसभर विचार करत होतो आणि उत्तर माझ्याजवळच होतं. लॉटमध्ये अडतीस टक्के माल चांगला आहे ना? मग तो निवडून काढायचा. शंभर टक्के तपासणी. दोन किलो म्हणजे अंदाजे चाळीस हजार नग. सगळे गोणपाटावर ओले करायचे, ज्याला मोड आला तो ओके, ज्याला नाही तो रिजेक्ट. ओके माल वाळवायचा, डब्यात भरायचा, अक्काला द्यायचा. तिच्या हातात पडेल तो प्रत्येक दाणा उगवून दाखवलेला असेल. जगात कुठल्या बियाण्याची अशी गॅरंटी आहे?

हे आजवर कुणाला सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

२८ मार्च, दुपारी
पहिली बॅच. एक हजार नऊशे ओके. प्रत्येक मोडावर हिरव्या मार्करने ठिपका द्यायला बसलो. तीन तासांत तीनशे बारा झाले, पाठीत उसण भरली. ठिपका दाण्यावर न देता डब्यावर एकच मोठा दिला तरी चालतो. नियमात तशी सोय आहे. नियम माझाच आहे.

३० मार्च, पाडवा
हॉलमध्ये गोणपाटं चार, बेडरूममध्ये दोन, पंखे फुल. गुढीसाठी काढलेला खण मी चुकून बॅच नंबर तीनवर झाकण म्हणून टाकला. अंजलीने ओला खण उचलून पिळला. मग म्हणाली, कंपनीने तुम्हाला सोडलं, तुम्ही कंपनीला सोडा आता. गुढी आम्ही साध्या ब्लाउजपीसवर उभारली. छान दिसत होती. मी दोनदा तसं म्हणालोही.

५ एप्रिल
रिजेक्ट माल साठत चाललाय, ओला, वास मारतो. सोसायटीचा वॉचमन धोंडीबा, चाकणच्या पुढच्या गावचा, जमीन एमआयडीसीत गेलेली. तो म्हणाला, साहेब, फेकू नका, मला द्या, कोंबड्यांला व्हईल. दिला. गरिबाला मदत.

जाता जाता त्याने गच्चीवर वाळत घातलेला ओके माल पाहिला. म्हणाला, साहेब, मोड आल्याली मटकी वाळवून कुणी परत पेरतं व्हय? मी त्याला समजावलं की मटकी वेगळी आणि सूर्यफूल वेगळं. भिजवून वाळवलेलं बी जोमानं येतं, हे छापील आहे, मी वाचलंय. मोड यायच्या आत वाळवायचं असंही त्यात कुठेतरी होतं. पण मोड आल्याशिवाय पास झालं हे कळणार कसं? धोंडीबा म्हणाला, न्हाई, आपलं मला वाटलं म्हून बोललो. माणूस भला आहे, पण शिक्षण नाही.

१३ एप्रिल
तपासणी पूर्ण. ओके माल सातशे ग्रॅम. कडकडीत वाळवला, मोड गळून पडले तेवढे पडले. बुटांच्या खोक्यांतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातल्या, पत्र्याच्या डब्यात भरून झाकणाला टेप लावला. वर हिरवा ठिपका आणि ठळक अक्षरांत ओके. उरलेला सगळा माल धोंडीबाच्या कोंबड्यांकडे.

आता साठवण. संकल्प: डबा जूनपर्यंत उघडायचा नाही.

२ मे
डबा उघडला. फक्त शंभर दाणे घेतले. नुसती उगवण पुरत नाही, जोम बघावा लागतो. त्यासाठी बी तीन दिवस कडक उकाड्यात आणि दमट हवेत कोंडायचं, मग उगवून बघायचं. जे तगेल ते पुढे साठवणीतही तगेल. आमच्याकडे रेडिएटरला मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे, तसंच हे. बादलीत पाणी, वर चाळणीत बी, झाकण लावून बादली गाडीत ठेवली, गाडी उन्हात, काचा बंद.

५ मे
बादली काढली. दाणे काळे, बुळबुळीत. गाडीला असा वास की अंजली बाजारात रिक्षाने गेली. चाचणी रद्द धरली आहे. गाडीचं तापमान प्रमाणित नव्हतं.

१० मे
साधीच उगवण पुन्हा लावली. शंभर दाणे, टॉवेल. या वेळी टॉवेल माझा.

२० मे, सकाळी ७
शून्य.

२० मे, सकाळी ७.४०
पुन्हा मोजले. शून्य मोजायला फार वेळ लागत नाही.

२० मे, दुपारी
एक दाणा नखाने फोडला. आतला गर पिवळा पडलेला, तेलकट, खवट वास. दुसरा फोडला. तिसरा. मग फोडणं थांबवलं. फोडून नासधूस करण्यात अर्थ नाही.

२१ मे
शांतपणे विचार केला. चूक चाचणीत आहे. हे नग मार्चमध्ये एकदा पास झालेले आहेत. दहावी पास झालेल्या माणसाला आज पुन्हा पेपरला बसवलं तर तो नापास होईल, म्हणून काय त्याची दहावी गेली? ओके दिलेल्या मालाची फेरतपासणी करायची पद्धत आमच्याकडे नव्हती. कालचा आकडा धरायचा नाही.

जेवण गेलं नाही. आंब्याचा रस होता तरी.

२५ मे
अक्काचा फोन. घरकुलाचा स्लॅब पडला, खूश होती. म्हणाली, बी जागं झालं का? मी म्हणालो, एकदम. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं, उगं घाबरलास. मग आईची आठवण काढली. आई तेलाचा पहिला घाणा झाला की बोटाने माझ्या टाळूवर थापायची म्हणे. मला आठवत नाही. ती म्हणाली, तुला कसं आठवंल, तू तान्हा होतास. अजून थोडं बोलली. मी लाइन तुटतेय म्हणून ठेवला. लाइन चांगली होती.

४ जून
पिंपरीला गेलो होतो, सहज. कॅम्पातल्या पक्ष्यांच्या दुकानात पोपटाचं खाद्य मिळतं, त्यात पट्ट्यांचं सूर्यफूल असतं. खिशात अक्काचे चार दाणे होते. हातावर घेऊन बाजूला धरून पाहिले. रंगाला जुळतं. जरा लांबट आहे, पण कोण बघतंय. दुकानदार म्हणाला, काका, पोपट किती आहेत? मी म्हणालो, एक.

घेतलं नाही. पास झालेला माल काढून त्या जागी दुसरा भरणं हा गुन्हा आहे, मी अशा पोरांना लाइनवरून काढलेलं आहे. परत येताना रहाटणीच्या चौकात बराच वेळ उभा होतो. का ते लक्षात नाही.

७ जून
प्रीतम पेरणीच्या सुट्टीवर गावी निघाला. डबा दिला. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र: लॉट एक, वजन पाचशे ग्रॅम, तपासणी शंभर टक्के, उगवण अठ्ठ्याण्णव टक्के, तपासणार ज्योतीराम. शंभर लिहिलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. (सातशेचं पाचशे कसं झालं, ते मोड गळल्यामुळे आणि थोडे चाचण्यांत. हिशेब बरोबर आहे.)

प्रीतम म्हणाला, मामा, तुम्ही होतात म्हणून बरं. अंजली दारात उभी होती. तिने विचारलं, अठ्ठ्याण्णव? मी म्हणालो, हो. ती आत गेली. तिला सांगायला हवं होतं, पण सांगायचं काय हेच नक्की नव्हतं.

६ जुलै
अक्काने बुधवारी पेरलं. विहिरीजवळचं वीस गुंठे, सगळ्यात चांगलं रान. ओल मस्त आहे म्हणे. सहा-सात दिवसांत दिसायला हवं. मला काळजी वाटत नाही. सकाळपासून फोन तीन वेळा चार्ज केला.

११ जुलै
अक्काचा फोन नाही. चांगलं लक्षण. काही बिघडलं असतं तर आला असता.

१३ जुलै
प्रीतमचा आला. हळू बोलत होता, लांब जाऊन बोलत असावा. वीस गुंठ्यांत एक कोंब नाही. आई काल दिवसभर रानात होती, म्हणाला. पेरणीच्या तासांवरून गुडघ्यावर सरकत बोटाने माती उकरून बघत होती. टरफलं निघाली, आत काही नव्हतं. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही, प्रमाणपत्र वाचून दाखव म्हणाली. वाचलं. परत एकदा वाच म्हणाली.

मी त्याला ओल, खोली, मुंग्या, पाखरं अशी चार कारणं सांगितली. तो हो मामा, हो मामा करत राहिला.

१४ जुलै
आज लिहूनच टाकतो, कुणी वाचणार नाही.

डिसेंबरात गेजचा काटा अडकला होता. तीन दिवस शून्यावर. शून्य म्हणजे गळती नाही. अकराशे चाळीस रेडिएटरवर मी हिरवा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी मनात आलं होतं की एवढा चांगला माल कसा काय येतोय. विचारायला हवं होतं. पण दोन दिवसांच्या मालावर माझे ठिपके पडलेले होते. माल ग्राहकाकडून परत आला, सगळा.

तेव्हाही शून्य मला चांगलं वाटलं. मे महिन्यात मात्र शून्याचा अर्थ मला पक्का कळला होता आणि तरी मी अठ्ठ्याण्णव लिहिलं. अक्काला फोन करून सांगायचं. उद्या सकाळी नऊला.

१५ जुलै
नऊला ती देवपूजेत असते.

१६ जुलै
रेंज नव्हती.

२६ जुलै
अक्काने त्या रानात मूग टाकला, असं प्रीतमकडून कळलं. ती माझं नावही काढत नाही, वाईटही बोलत नाही. बोलली असती तर मला दोन शब्द बोलता आले असते.

आज सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी तक्रार दिली. पंप-रूमच्या मागे धोंडीबाने कसलीतरी झाडं माजू दिली आहेत. कमरेपर्यंत आलीत, पानं मोठी, खरखरीत, हाताला लागली की खाज येते. डास होतात. सार्वजनिक जागेचा हा गैरवापर आहे. सध्या लोकांना शिस्तच राहिली नाही.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा, संध्याकाळी
अक्का आली. येईल असं वाटलं नव्हतं. प्रीतमने मोटरसायकलवर तळेगावहून आणली, धुळीने माखलेली, कडेवर भोपळा. भोपळा कशाला आणलास विचारलं तर म्हणाली, रिकामा झालाय, घरात बघवत नाही, तुझ्या शो-केसला ठेव. हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

राखी बांधली, ओवाळलं. मी फाइल आणली. बॅचनिहाय तक्ते, तारखा, सगळं. म्हणालो, अक्का, हे बघ. तिने फाइल मांडीवर घेतली, उघडली नाही, वर पेढ्याचा बॉक्स ठेवला. मग मी सांगितलं. मोड, वाळवण, शून्य, अठ्ठ्याण्णव. अंजली ताट घेऊन तशीच उभी राहिली. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अक्का म्हणाली, बी मेलं त्याचं दुःख हाय रं. पण मे महिन्यात तुला ठाऊक होतं आन् तू मला पेरू दिलास. चार दिवस मी सकाळी उठून पळत रानात जायची. मग ती रडली. मी पण. पेढे प्रीतमने खाल्ले.

पाच वाजता निघाली. खाली गेटपाशी प्रीतम गाडी काढत होता, अक्का पंप-रूमकडे बघत थांबली. मग चपला तिथेच सोडून चालत सुटली. मागे गेलो तर माझी ती तक्रारीतली झाडं. डोक्याइतकी उंच झालेली आणि वर ताटाएवढी पिवळी फुलं. अक्का एकेक फूल खाली ओढून मागून-पुढून बघत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, आईचं हाय.

धोंडीबा धावत आला. त्याला वाटलं तक्रारीचं आहे. म्हणाला, साहेबांनीच दिल्यालं हाय, बाई, ते फेकायचं. निम्मं बुरशीनं गेलं, बाकीचं कोंबड्यांनी खाल्लं. दोन मुठी दिसायला बरं वाटलं, म्हून सावलीला वाळवून गाडग्यात राखंत ठेवलं, जूनमदी लावलं. मला वाटलं, मेलं न्हाई ते, वाईच झोपलंय. अक्का म्हणाली, व्हय बाबा, झोपलंय असंच मी म्हणत होते.

एकसष्ट झाडं. अक्काने दोनदा मोजली. रिजेक्ट मालातली. मीच नापास केलेली.

पुढे सगळं दोघांनीच ठरवलं. फुलं वाळेपर्यंत तोडायची नाहीत. मधलं फोलपटाचं टाकायचं, कडेचं भरलेलं दाणं बियाला. बी भोपळ्यात, राख आणि पाला, भोपळा धोंडीबाच्या घरी टांगायचा, पुढच्या पेरणीला प्रीतम तिथून उचलेल. मी म्हणालो, साठवणीआधी एकदा ओलावा तपासून… अक्का म्हणाली, ज्योतीराम, तू हात लावू नको, एवढं कर. धोंडीबाला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, साहेबांना पाखरं हाकायचं काम द्या की. पोपट लई येत्यात, सकाळ-संध्याकाळ.

अक्काने जरा विचार केला आणि चालंल म्हणाली. जाताना तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. रिकामा, वर ओके. म्हणाली, हे वाजीव.

सेक्रेटरीकडून तक्रार परत घेतली. कारण या रकान्यात काही लिहिलं नाही.

१० ऑगस्ट, सकाळी ६.१०
पोपट पाच. डबा वाजवला. चार उडाले. पाचवा माझ्याकडे बघत खात राहिला.